उजव्या खोलीचा कॅमेरा

१

गोदामाचे जुने सुपरवायझर अण्णा सापडले ते उजव्या कोल्ड रूममध्ये, दाराला टेकून बसलेले. अंगात जाड जाकीट होतं, कानटोपी होती, पण उणे वीस अंशांपुढे जाकीट ते काय करणार! दोन्ही मुठी सोलून निघालेल्या. दार आतून उघडायची जी मूठ असते, तिचे स्क्रू कुणीतरी आधीच काढून ठेवले होते. बाहेरून आडवा दांडा घातलेला. म्हणजे म्हातारा आत असताना कुणीतरी दार बंद केलं होतं आणि चालतं झालं होतं.

वडप्याच्या हायवेला लागून असलेलं हे औषधांचं गोदाम ललिताला तळहातासारखं ठाऊक होतं. तिथल्या भिंतींतून आणि छतातून गेलेली नेटवर्कची प्रत्येक केबल तिच्याच कंपनीने टाकलेली. नकाशा तिने काढला होता, आणि केबल ओढल्या होत्या तिच्या धाकट्या भावाने, सुमितने. शेलार गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू केलेल्या धंद्याचं हे पहिलं मोठं काम. त्याच कामावर पोलिसांनी सुमितला उचललं होतं.

"बसा," इन्स्पेक्टर सागर तरे म्हणाले. "हे बघा आणि तुम्हीच सांगा."

पडद्यावर एक लांब, पांढराशुभ्र पॅसेज होता. कोपऱ्यात नाव लिहिलेलं, 'उजवा पॅसेज'. अण्णा हळूहळू चालत आले, दार उघडून आत गेले. थोड्या वेळाने सुमित आला. दार ढकललं, दांडा आडवा घातला, दोनदा हलवून पाहिला आणि निघून गेला. आत डोकावलासुद्धा नाही.

"आदल्या दिवशी दोघांची बाचाबाची झाली होती. शिडी पॅसेजमध्ये ठेवली म्हणून अण्णा याला बोलले होते. आणि स्क्रू काढायची हत्यारं याच्याच पिशवीत," तरे म्हणाले.

"तो म्हणतो काय?"

"काल म्हणत होता, मी डाव्या खोलीत गेलो होतो. हे दाखवल्यापासून काहीच म्हणत नाही."

ललिता भावाकडे गेली. सुमितचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला वाटलं तो रडेल, भांडेल, निदान शपथ तरी घेईल.

"ताई, मीच आहे तो," तो म्हणाला. "कबुलीवर सही करून टाकतो."

२

दोन्ही कोल्ड रूम जुळ्या भावंडांसारख्या होत्या. तेच दार, तोच दांडा, तोच पांढरा पॅसेज, फक्त एक गोदामाच्या डाव्या अंगाला आणि दुसरी उजव्या. मधोमध छोटी रॅक रूम. तिथे सगळ्या केबल येऊन मिळत आणि तिथेच कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता.

तो रेकॉर्डर काढून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं काम ललितावरच आलं. कंत्राट तिचं, तेव्हा काढायचाही तिनेच, पंचांसमोर. तरे दुपारी पंच घेऊन येणार होते. त्याआधी गोदामात फिरायला त्यांनी ना म्हटलं नाही. "पण कशाला हात लावू नका," एवढं बजावलं.

ललिता आत शिरली. खुंट्यांवर टोपीवाली जाकिटं ओळीने लटकत होती, माणसं भिंतीकडे तोंड करून उभी असावीत तशी. कुठेही खिडकी नाही. आणि त्या सगळ्याच्या मागे कॉम्प्रेसरची न थांबणारी घरघर. सुमित खोटं बोलणारा नाही हे तिला माहीत होतं. पण चूक? चूक कुणाच्याही हातून होते. खरी भीती तिला याचीच वाटत होती, आणि ती स्वतःशीही कबूल करायची तिची तयारी नव्हती.

रॅक रूमची किल्ली तिघांकडे होती. पहिला केसरीनाथ, सुरक्षेचा मुख्य. गोदाम उभं होतं ती जमीन त्याच्याच घराण्याची, त्यामुळे तो नोकर कमी आणि मालक जास्त वाटे.

"अण्णाचा न् माझा उभा दावा, समद्यांना ठावं हाय," तो म्हणाला. "माझ्या भाच्याला त्यानंच गेटवरून काढला. पन म्हनून म्हाताऱ्याला बर्फात घालनारा मी न्हाय."

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"गेटच्या केबिनमदी. एकलाच. कोन साक्ष देनार?"

दुसरी मेघाली, संगणकाचं सगळं बघणारी. ती टेबलाशी होती म्हणे, तीही एकटीच. बोलताना तिची बोटं ओढणीच्या टोकाशी खेळत होती.

तिसरा मॅनेजर शार्दूल. त्याने ललितासाठी चहा मागवला, खुर्ची पुढे केली, सुमितबद्दल हळहळ व्यक्त केली. "गुणी मुलगा हो. मीच त्याला बोलावलं होतं. उजव्या खोलीतला सेन्सरचा पॉइंट बघ आणि जाताना दार लाव, म्हटलं. आत कुणी आहे का बघ हेही सांगितलं होतं. मलाच फार लागलंय."

"तो म्हणत होता, तुम्ही डावी सांगितलीत."

"डावीकडे कशाला पाठवीन? डावी रिकामी होती, तिचं दार मी स्वतः लावलं. त्याच वेळी. कॅमेऱ्यात आहे की."

आणि खरंच होतं. 'डावा पॅसेज' असं लिहिलेल्या चित्रात शार्दूल टोपी मागे सारून दाराचा दांडा घालत होता. वर कॅमेऱ्याकडे पाहून त्याने हातही केला होता. तिघांपैकी ज्याची बाजू पक्की होती असा हा एकटाच.

ललिता चहा तसाच ठेवून उठली. निघताना मेघालीने तिचा हात घट्ट धरला.

"एकट्या राहू नका इथे," ती पुटपुटली आणि कुणी पाहायच्या आत बाजूला झाली.

३

ललिता तिच्यामागून जिन्यात गेली. मेघालीने आवाज खाली आणला.

"दसऱ्याच्या सुट्टीत उजवीकडची मशीन बंद पडली होती. आतल्या लशी वितळल्या. मला सांगितलं, तापमानाचा आलेख सरळ करून टाक, माल गेलाच पाहिजे. मी केला. अण्णांना कळलं. ते मुख्य कचेरीत जाऊन सांगणार होते."

"कुणी सांगितलं सरळ करायला?"

वरच्या मजल्यावर दार वाजलं. मेघाली धावतच निघून गेली, आणि जिन्यात ललिता एकटी उरली. कुणीतरी वरच्या कठड्याशी थोडा वेळ थांबलं आणि परत फिरलं. तिने मान वर करून पाहिलं नाही. तेवढं धाडसच झालं नाही तिला.

गेटच्या केबिनमध्ये जाऊन तिने केसरीनाथला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सुमितचं येणं-जाणं तिने पुन्हा पाहिलं. या वेळी मात्र त्याच्या आधीचं आणि नंतरचंही पाहिलं.

अण्णा आत गेल्यावर थोड्याच वेळात चित्र काळं झालं होतं. मिनिटभर काळोख, मग पुन्हा पॅसेज. त्यानंतर सुमित आला, गेला. आणि परत तसाच मिनिटभर काळोख.

"हे काय?"

"तरे साहेब बोलले, लाईटचा झटका असंल."

"लाईट गेली होती काल?"

"न्हाय बा. गेली असती तर पयला पंखा माझा बंद पडतो."

तिने बाकीचे कॅमेरे लावायला सांगितले. डॉक, गेट, जिना, कार्यालय. सगळे व्यवस्थित चालू. मग डावा पॅसेज लावला. उजवा जेव्हा काळा झाला त्याच क्षणी डावाही काळा झाला होता. दोन्ही वेळा.

एवढ्या कॅमेऱ्यांतून नेमके दोनच, आणि दोन्ही बरोबरीने. वीज अशी निवडून निवडून जात नाही. या कॅमेऱ्यांना वीज केबलमधूनच मिळते. केबल उपसली की कॅमेरा मरतो, परत खोचली की मिनिटभराने जागा होतो. म्हणजे कुणीतरी त्या दोन केबल दोनदा उपसून खोचल्या होत्या. आणि हे जिथे करता येतं अशी जागा गोदामात एकच होती.

"किल्ली द्या रॅक रूमची," ती म्हणाली.

"मी येऊ का संगती?"

ललिताने त्याच्याकडे पाहिलं. अण्णांशी उभा दावा असलेला माणूस, किल्ली याच्याही कमरेला.

"नको," ती म्हणाली.

४

रॅक रूम म्हणजे कपाटाहून थोडी मोठी खोली. मध्ये माणसाच्या उंचीचा रॅक, वर पॅच पॅनेल, खाली कमरेच्या उंचीला रेकॉर्डर. ललिताने दार लोटून घेतलं आणि मोबाइलचा दिवा लावला.

इमारतीतल्या केबलचं शास्त्र फार साधं असतं. भिंतीतली केबल एकदा टाकली की हलवायची नाही. ती येऊन पॅनेलच्या पाठीला कायमची बसते. हलवता येतो तो फक्त पुढचा हातभर तुकडा, पॅनेलपासून रेकॉर्डरपर्यंत जाणारा, त्याला पॅच कॉर्ड म्हणतात. आणि या रेकॉर्डरला कॅमेरा ओळखता येत नाही. आपल्या कुठल्या भोकात केबल खोचली आहे तेवढंच त्याला कळतं. पाचव्या भोकातून जे येईल त्याला तो 'उजवा पॅसेज' म्हणणार, सहाव्यातून येईल त्याला 'डावा'. वाटेत कॉर्ड बदलल्या तर तो डाव्यालाच उजवा म्हणत राहील, आणि सगळं जग त्याच्यावर विश्वास ठेवील.

हात न लावता तिने पाहिलं. पाचव्या भोकात 'उ' लेबल हवं आणि सहाव्यात 'डा'. सुमित प्रत्येक कॉर्डच्या दोन्ही टोकांना लेबल लावायचा, त्याशिवाय ती त्याला घरी जाऊ देत नसे.

वर पॅनेलवर उजव्याच्या जागी 'डा' होतं. डाव्याच्या जागी 'उ'. खाली रेकॉर्डरवर पाहिलं, तिथेही उलटंच. म्हणजे दोन्ही टोकं चुकलेली, आणि दोन चुका मिळून चित्र बरोबर. आज कुणीही पडद्यासमोर बसलं तर त्याला सगळं जागच्या जागी दिसणार.

सुमितनेच मुळात लेबलं उलटी लावली असतील तर? कोर्टात वकील हेच विचारील. तेवढ्यात तिला कुंकू दिसलं.

दसऱ्याला अण्णांनी गोदामातल्या यंत्रांची पूजा केली होती, रॅकचीसुद्धा. अंगठ्याने एकच मोठा टिळा ओढला होता पॅनेलवर. तो उमटला होता अर्धा पत्र्यावर आणि अर्धा वरच्या कॉर्डच्या टोकावर. पत्र्यावरचा अर्धा टिळा उजव्या पॅसेजच्या भोकाखाली होता. दुसरा अर्धा मात्र शेजारच्या भोकात खोचलेल्या कॉर्डवर, 'उ' लेबलाच्या पुढ्यात. टिळा फुटून दोन ठिकाणी झाला होता. दसऱ्याला सगळं बरोबर होतं. हलवलं ते नंतर.

आता तिला ते जणू डोळ्यांसमोर घडताना दिसलं. अण्णा उजव्या खोलीत गेल्यावर कुणीतरी इथे आलं आणि वर, पॅनेलवर, दोन कॉर्डची अदलाबदल केली. काम झाल्यावर तोच माणूस परत आला, धावत, आणि जे टोक हाताशी आलं तिथे, खाली रेकॉर्डरवर, परत अदलाबदल केली. पडद्यावर नावं जुळली, तो निर्धास्त झाला. केबल जाणणाऱ्या माणसाने लेबल बघितलं असतं. मेघालीने बघितलं असतं. याने फक्त पडदा बघितला.

आणि मधल्या वेळात? 'उजवा' म्हणून जे दिसत होतं ते डावं होतं. सुमितने रिकाम्या डाव्या खोलीचंच दार लावलं होतं. मग 'डावा' म्हणून जे दिसत होतं...

कॅमेऱ्याकडे पाहून केलेला तो हात तिला आठवला.

तिने फोटो काढून तरेंना पाठवायला घेतला. पत्र्याच्या पोटातल्या त्या खोलीत रेंज नव्हती, फोटो जाईना. मागे दार उघडलं.

"सापडलं का काही, मॅडम?" शार्दूल म्हणाला आणि त्याने दार मागे लावून घेतलं.

५

त्याच्या अंगात जाड जाकीट होतं. रॅक रूममध्ये जाकीट कशाला, हा प्रश्न ललिताला पडला आणि उत्तर नको होतं म्हणून तिने तो मनातच दाबला.

"काही नाही. रेकॉर्डर काढायची तयारी," ती म्हणाली. रॅकच्या बाजूला चाचणीसाठी ठेवलेला वायरचा फोन होता. वळता वळता तिने रिसीव्हर उचलून आडवा ठेवला आणि गेटच्या केबिनचं बटण दाबलं. भिंतीतल्या केबलला रेंज लागत नाही. पलीकडे कुणी उचलेल की नाही, हे मात्र देवालाच ठाऊक.

"तरे साहेबांना उशीर आहे. काढून ठेवू या," शार्दूल जवळ आला. "तुम्ही सरका. मी काढतो."

"पंचांसमोर काढायचा आहे."

"अहो, काय फरक पडतो?"

त्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढे गेला. रॅकमध्ये कॉर्डचं जंगल होतं, पण हात थेट त्या दोनच कॉर्डवर गेला. ललिताने जीव एकवटून त्याचं मनगट धरलं.

"एवढ्यातून हेच दोन का, शार्दूल साहेब?" ती फोनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "डाव्या खोलीचं दार तुम्हीच लावलंत ना?"

"सांगितलं ना, मीच. कॅमेऱ्यात आहे."

"त्या वेळी कॅमेरे उलटे होते. तुम्ही इथे येऊन केले होते. डावं दार सुमितने लावलं. तुम्ही ज्याच्यासमोर उभे होतात ते उजवं होतं, आणि आत अण्णा होते."

तो हसला नाही, ओरडलाही नाही, आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली. "चार महिन्यांचा माल होता," तो शांतपणे म्हणाला. "एक म्हातारा हट्टाला पेटला, म्हणून सगळं बुडवायचं? चला, तुम्हाला खोली दाखवतो. आतून बघितलीत म्हणजे कळेल."

त्याने तिचा दंड धरला. ललिताने पाय रॅकच्या पट्टीत अडकवला आणि दोन्ही हातांनी रॅक कवटाळला. दंड निखळेल असं वाटलं तरी तिने हात सोडले नाहीत. तिने जागा सोडली असती तर त्याने त्या दोन कॉर्ड उपसल्या असत्या, आणि सुमितही बुडाला असता.

दार धाडकन उघडलं.

"सोड तिला!" केसरीनाथ दारात होता, त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. "समदा आयकला मी. साहेब बी आयकले. त्यांनी गेटवर गाडी लावली आन् फोन वाजला."

त्याच्यामागे तरे होते, पंच होते. तरेंनी आधी शार्दूलला पकडलं आणि मग ललिताला सांगितलं, "बाई, हात सोडा आता रॅकचा."

"सोडणार नाही," ती म्हणाली. "आधी फोटो काढा. लेबलांचा आणि कुंकवाचा. मग सोडते."

मेघालीने त्याच संध्याकाळी जबाब दिला. आलेख कुणी सरळ करायला लावला, तेही सांगितलं. उजव्या दाराच्या आतली मूठ आणि स्क्रू शार्दूलच्या गाडीत डिकीतल्या चटईखाली सापडले.

६

सुमितला सोडायची कागदपत्रं तयार होत होती. तो ठाण्यातल्या बाकावर बसला होता. ललिताने त्याला सगळं समजावून सांगितलं, केबल, लेबलं, दोन काळोख, टिळा. त्याला लगेच कळलं. हे काम त्याच्या हातचं होतं.

"म्हणजे मी डावीकडेच गेलो होतो."

"हो. खोली रिकामी होती. तू कुणालाही कोंडलं नाहीस."

तिला वाटलं, आता तो मोकळा रडेल. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते. गेले दोन दिवस तिने भावावर मनातल्या मनात संशय घेतला होता, तोही आता संपला होता. पण सुमित जमिनीकडे बघत राहिला.

"मग तू सही का करत होतास, वेड्या?" तिने विचारलं. "डावीकडे गेलो हे तुला आठवत होतं ना?"

"आठवत होतं. पण ते चित्र बघितलं आणि वाटलं, आपण चुकलो असू. कारण ताई, दांडा घालून वळलो ना, तेव्हा आवाज येत होता. ठोकल्याचा. धप धप. मला वाटलं डॉकवर माल उतरतोय. मी हेडफोन लावले आणि गेलो."

दोन्ही कोल्ड रूमच्या पाठी गोदामाच्या मागच्या एकाच लांब भिंतीला लागून होत्या आणि उजवीकडे ठोकलं तर डावीकडे ऐकू जाई, हे नकाशा काढणाऱ्या तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"तुझ्या दारातून नव्हता तो येत," ती म्हणाली.

"हो. पण येत होता ना?" सुमितने वर पाहिलं. "मी थांबलो असतो तर?"

आत तरे शिक्का शोधत होते, आणि शेलारहून आई सारखी फोन करत होती, सुटला का म्हणून. ललिता भावाच्या शेजारी बाकावर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. तिने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ चोळला.